लांबलेली निवडणूक



२६ एप्रिल २०२४ रोजी आपण हिंगोलीकरांनी लोकसभेसाठी मतदान केले. त्याच दिवशी मध्यप्रदेशातील बैतूललाही मतदान व्हावयाचे होते. परंतु तेथील बहुजन समाज पक्षाचे उमेदवार ९ एप्रिलला वारले आणि मतदान ७ मेवर गेले. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी निवर्तला, तर त्या पक्षास दुसरा उमेदवार देण्यास सात दिवसांची सवड मिळते, असा आपला कायदा आहे. ऑस्ट्रेलियात १९९८ साली न्यूकॅसल मतदारसंघात असेच घडले. बाकी देशाने ३ ऑक्टोबरला मते दिली, न्यूकॅसलने २१ नोव्हेंबरला. अशा विलंबाविषयी आमची तक्रार नाही. मतदारापुढील निवड पुरी असावी, यासाठीच तो असतो.

पुण्याची गोष्ट वेगळी. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी निवर्तले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी, असे कायदा सांगतो. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल, किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून आयोगाने अडचण प्रमाणित केली, तरच सूट. येथे मुदत वर्षाहून अधिक उरली होती. आयोगाने सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीचे कारण पुढे केले. इतरत्र मात्र पोटनिवडणुका होतच होत्या! १३ डिसेंबर २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुणेकरांना खासदार मिळाला तो ४ जून २०२४ ला. चौदा महिने खुर्ची रिकामी राहिली.

याउलट शेजारचे नांदेड पाहा. खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ ला गेले आणि २० नोव्हेंबरला, विधानसभेबरोबरच, पोटनिवडणूक झाली. निकाल लागला अवघ्या १,४५७ मतांनी.

कोणी म्हणेल, ५४३ मध्ये एक खासदार नसला तर काय बिघडते? हिंगोलीने तरी हे म्हणू नये. २०१४ साली राजीव सातव येथून १,६३२ मतांनीच निवडून आले होते. एकेका मताला वजन आहे. पण मोंढ्यात काटाच लावला नाही, तर हळदीच्या पोत्याचे वजन कोण सांगणार?

पुण्यासाठी न्यायालयात गेला तो एक साधा मतदार. असा प्रसंग आपल्यावर आला, तर ते सहा महिने आपणच मोजले पाहिजेत, आणि सातवा उजाडण्याआधी विचारले पाहिजे.