बाटलीवरची टक्केवारी आणि पंपातले पाणी

(बेलापूर येथील बैठकीतील भाषण)



बेलापूर प्रवरेच्या काठावरचे. इथल्या मंडळींनी पाटाचे पाणी पाहिले आहे. आम्ही मात्र बोलणार आहोत ते टिपाडात पाणी भरून, बैलगाडीवर वावरात नेऊन कपाशी फवारणाऱ्यांविषयी. भावाचे काय, असे कोणी विचारील. त्यावरही बोलू, पण शेवटी.

शाळेच्या रसायनशास्त्रात द्रावणाची संहती काढायचे गणित असते. मीठ इतके, पाणी इतके, तर टक्केवारी किती? गुरुजींनी घोकून घेतले, आम्ही घोकले, मार्क मिळाल्यावर विसरलो. हेच गणित पुढे जन्मभर पाठीवरच्या पंपात करायचे आहे, हे कोणी सांगितले नाही.

बाटलीवर लिहिलेले असते, क्विनॉलफॉस 25 टक्के प्रवाही. म्हणजे शंभर भागांत खरे औषध पंचवीस. बाकीचे ते विरघळवणारे आणि पाण्यात मिसळायला लावणारे पदार्थ. समजा, फवारा 0.05 टक्क्यांचा हवा. हवी ती टक्केवारी गुणिले पाणी, भागिले बाटलीवरची टक्केवारी. 10 लिटर म्हणजे 10,000 मि.ली. पाणी; 0.05 गुणिले 10,000 म्हणजे 500, भागिले 25, उत्तर 20 मि.ली. झाले गणित. (हे उदाहरण आहे, शिफारस नव्हे. कोणत्या पिकाला कोणते औषध आणि किती, ते लेबलावर पाहायचे.)

आता चूक कुठे होते ते पाहा. शिफारस छापलेली असते 10 लिटरसाठी आणि आपला पंप असतो 15-16 लिटरचा. त्यात 20 मि.ली.च टाकले तर 15 लिटरला औषध एक तृतीयांश कमी पडले. अळी मरत नाही, आणि जी वाचते ती चिवट असते, तिचीच पिलावळ वाढते. मग आपण म्हणतो, औषधात दम नाही. 15 लिटरला 30 आणि 16 लिटरला 32, एवढे पंपावर रंगाने लिहून ठेवले तरी पुरे.

दुसरे खूळ झाकणाचे. एके वर्षी आमच्यापैकी काहींनी दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावरून ‘पंपाला दोन झाकणे’ या हिशेबाने फवारले. पहिल्या बाटलीचे झाकण लहान होते, दुसरीचे मोठे. मापाचा विचार कोणी केला नाही. पाने करपली आणि आम्ही भेसळीची बोंब मारली. भेसळ होत नाही असे नाही, पण त्या वर्षी माप आमचेच चुकले होते.

पेट्रोलच्या पंपाचे प्रकरण याहून गंभीर आहे. हातपंपाने एकरी 200 लिटर पाणी लागते असे धरा. 10 लिटरला 20 प्रमाणे एकरी औषध 400 मि.ली. पेट्रोलच्या पंपाला पाणी तिसरा हिस्सा लागते, म्हणून पंपातले प्रमाण तिप्पट करायला सांगतात. एकरी औषध तेवढेच राहते, पिकाला फरक नाही. पण फवारणाऱ्याच्या तोंडावर उडणारा थेंब तिप्पट जहाल झाला, त्याचे काय? त्यात पाणी लांबून आणायचे म्हणून कोरडवाहूवाला हात आखडतो आणि द्रावण आणखी दाट होते. वर दोन बाटल्या एकत्र करायची सवय. नावे वेगळी, आतला घटक कधी कधी एकच, म्हणजे पुन्हा दुप्पट.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, औषधांची मिश्रणे, तोंडाला फडके नाही, अशी अनेक कारणे पुढे आली. सगळा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. ज्याला तीन अंकांचा गुणाकार कधी कोणी पंपाजवळ उभे राहून शिकवला नाही, त्याला अडाणी म्हणायचा अधिकार कोणाला?

मिठाची एक गंमत सांगतो. बाजरीतला अरगट काढायला 20 टक्के मिठाचे पाणी म्हणून 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ टाकतात. शाळेच्या हिशेबाने ते 12 किलोत 2 किलो, म्हणजे 16.7 टक्केच. खरे 20 टक्के हवे तर मीठ अडीच किलो लागेल. पण शिफारस 2 किलोवरच बसवलेली आहे, तीच पाळा. 2 टक्के युरियाला 10 लिटरला 200 ग्रॅम टाकतो, तिथे हा फरक नगण्य.

आता भाव. निंबोळीच्या बाटलीवर 1,500 पीपीएम किंवा 10,000 पीपीएम लिहितात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती. 10,000 म्हणजे 1 टक्का, 1,500 म्हणजे 0.15 टक्के. 1,500 ची बाटली निम्म्या किमतीत मिळाली की स्वस्त वाटते, पण तिच्यात खरा घटक सातव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे आपण मुख्यतः तेल आणि लेबल विकत घेतले. घरच्या 5 टक्के अर्काशी हे आकडे ताडू नका. तिथले 5 टक्के म्हणजे 100 लिटरला 5 किलो निंबोळी, नुसता घटक नव्हे. आपला कापूस घेताना ओलाव्याच्या टक्क्यावरून भाव कापतात ना? मग औषध घेताना टक्का आपण का विचारू नये?

सांगितल्याप्रमाणे झाकणे धुऊन आणली असतील तर चहानंतर इकडे या. 10 मि.ली.ची नवी पिचकारी ठेवली आहे. झाकणात पाणी भरायचे, मोजायचे आणि खिळ्याने आकडा कोरायचा. पिचकारी नंतर औषधाच्या पेटीतच राहील, घरात न्यायची नाही.