लव्हाळ्याची गाठ आणि क्षयाचा जंतू



नेहमी आपण पिकाच्या रोगाबद्दल बोलतो. आज पीक पिकवणाऱ्या माणसाच्या रोगाबद्दल बोलू. रोग जुनाच आहे. क्षय, म्हणजे टीबी. ऐन सुगीत घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर सोयाबीन काढायचे कोणी?

हा रोग शापाने किंवा करणीने होत नाही. तो जंतूमुळे होतो. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली हा जंतू शोधून काढला. फुफ्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकला, शिंकला, की बारीक तुषारांतून जंतू हवेत जातात. कोंदट, अंधाऱ्या घरात ते बराच वेळ तरंगतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतात. ताटवाटीने किंवा हात लावल्याने हा रोग लागत नाही.

आत गेलेल्या जंतूभोवती शरीरातल्या पांढऱ्या पेशी कुंपण घालतात. तिथे छोटी गाठ बनते. जंतू मरत नाही, निजून राहतो. आपल्या काळ्या रानातला लव्हाळा आठवा. वर काही दिसत नाही, पण खाली गाठ जिवंत असते. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे रोग होतो. उपासमार, मधुमेह, दारू, विडी-तंबाखू यांनी अंगातली ताकद कमी झाली, की कुंपण मोडते. गाठ आतून सडते, फुफ्फुसाला पोकळी पडते आणि जंतू थुंकीत उतरतात.

मग दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे, कधी थुंकीत रक्त अशी लक्षणे दिसतात. क्षय मणक्याला, मानेच्या गाठींना, मेंदूच्या आवरणालाही होतो. तेव्हा खोकला असेलच असे नाही.

यातले काही दिसले, तर मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून दिवस काढू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. हा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून औषधही लांबते.

खरा घात इथेच होतो. महिना-दोन महिन्यांत बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. अर्धवट फवारणीने घाटेअळी औषधाला दाद देईनाशी होते, तसाच हा जंतूही निब्बर होतो. मुखेड, कंधार, जळकोट भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगावे. नोंदणी क्रमांकावर दुसऱ्या जिल्ह्यातही औषध मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपयेही खात्यावर जमा होतात.

जनावरांनाही क्षय होतो. गाय देवणी असो की लाल कंधारी, दूध उकळूनच प्या. बाळाला जन्मताच बीसीजी टोचून घ्या. त्याने लहान मुलांचा मेंदूचा क्षय बराचसा टळतो. रोग्याने तोंडाला रुमाल बांधावा, घराची खिडकी उघडी ठेवावी.

मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवू नका. लपवलेला क्षय घरभर पसरतो. औषध पूर्ण घेतले, की तो बरा होतो.