वीजतंत्र्याची सही

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस विद्यार्थ्यांसंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विद्यार्थी म्हटले की गुणवंतांचे सत्कार आठवतात. ते आताच यथासांग पार पडले. आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते ह्या व्यासपीठावर क्वचितच येतात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून वीजतंत्री वा तारतंत्री झालेले आपले कित्येक तरुण आज गावोगावच्या भिंतींतून तारा ओवीत आहेत. त्यांच्या धंद्यातील एका गैरवर्तनाविषयी बोलणे आवश्यक झाले आहे. आणि त्या गैरवर्तनास आपणा घरमालकांचाही हातभार लागतो, म्हणून ते ह्याच सभेत बोलणे उचित होय.

प्रथम कायदा पाहू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने असे ठरवून दिले होते की, विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यावे, त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची प्रत्यक्ष देखरेख असावी, आणि तारेस हात लावणाऱ्याजवळ परमिट असावे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यास, मांडणीची क्षमता व स्वरूप पालटत नसेल तर, सूट होती. पुढे १९१० चा जुना कायदा जाऊन २००३ चा आला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम २०१० मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये निघाले. परंतु ठेकेदार, पर्यवेक्षक आणि कामगार ही तिघांची जबाबदारी कायम राहिली. काम पुरे झाल्यावर चाचणी अहवालावर सही होते, आणि त्या सहीच्या भरवशावर वीजजोडणी मिळते.

ह्या सहीस एवढे महत्त्व का? छप्पर गळले तर पाणी दिसते, भिंत खचली तर तडा दिसतो. विजेचे तसे नाही. अर्थिंगची तार बोर्डामागे तोडून तशीच सोडून दिली तरी दिवा तितक्याच प्रकाशाने जळतो, पंखा तितक्याच वेगाने फिरतो. घरमालक संतुष्ट होऊन पेढे वाटतो. दोष प्रकट होतो तो पुढे केव्हातरी, गीझरमधील तारेचे वेष्टन झिजून ती त्याच्या धातूच्या अंगास टेकते तेव्हा. जमिनीकडे जाण्यास तारेची वाट नसल्यामुळे वीज स्नान करणाऱ्याच्या देहातून वाट काढते. जे डोळ्यांस दिसत नाही ते यंत्राने पाहावे लागते. मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टचा दाब एक मिनिटभर देऊन प्रत्येक जिवंत तार आणि जमीन ह्यांमधील रोध मोजतात. तो निदान १ मेगोहम भरला पाहिजे. अर्थिंगची तपासणी आणखी निराळी करावयाची असते. परंतु अहवालात आकडा सुवाच्य अक्षरांत लिहिलेला आणि मेगर त्या दिवशी पिशवीबाहेर निघालेलाच नाही, असे प्रकार आमच्या पाहण्यात आहेत.

ह्याहून मोठे गैरवर्तन म्हणजे परवाना भाड्याने देणे. काम करतो एक, सही करतो दुसरा. आणि हा दुसरा एकाच दिवशी चार तालुक्यांत ‘प्रत्यक्ष देखरेख’ करीत असतो! देवर्षी नारदांनाही एवढी धावपळ झेपली नसती. ओबडधोबड जोड देणाऱ्यास अननुभवी म्हणता येईल. न पाहिलेल्या कामावर सही करणाऱ्यास तेही म्हणता येत नाही. आम्ही शाळेत असताना दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही होण्यापूर्वी हजेरीपट उघडून पाहावा लागे. दाखल्याने कोणाचा जीव जात नसे, तरीही.

आणि ही सही मागावयास जातो कोण? आपणच. “अहो, आपल्यातलाच मुलगा आहे, करील सही,” असे म्हणून कोणा काकांनी वा मामांनी शब्द टाकला की पंचविशीतल्या मुलास नाही म्हणणे कठीण होते. त्याच वेळी जो मुलगा मेगर घेऊन येतो व मोजल्याशिवाय सही करीत नाही, त्याचा दर थोडा चढा म्हणून त्यास आपण परत पाठवितो. ज्ञातिप्रेमाचा हा प्रकार आम्हांस अजब वाटतो.

कोणी म्हणेल, परवाना काढून घेणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणे होय. कायदा इतका निष्ठुर नाही. २००७ च्या दुरुस्तीने विद्युत कायद्याच्या १५० व्या कलमात अशी तरतूद आली की, मीटरमध्ये फेरफार करून वीज चोरण्यास किंवा तत्सम गुन्ह्यास साहाय्य केल्याबद्दल ठेकेदार, पर्यवेक्षक वा कामगार दोषी ठरला, तर शिक्षेखेरीज त्याचा परवाना किंवा परमिटही रद्द करता येते. मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तसा हुकूम करता येत नाही. जो मांडणी स्वतः पाहून, मोजून सही करतो त्यास चौकशीत सांगण्यासारखे पुष्कळ असते. ज्याने ते घर पाहिलेच नाही तो काय सांगणार?

आपल्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्याचे वीजकाम लवकरच निघावयाचे आहे. तेथे चाळीस मुले निजणार आहेत. ते काम ज्ञातीतील तरुणास मिळाल्यास आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याचा परवाना चालू मुदतीचा आहे किंवा नाही ते कार्यकारी मंडळाने पाहावे, चाचणी दोन सभासदांच्या समक्ष व्हावी, आणि अहवालाची एक प्रत मंडळाच्या दप्तरी राहावी, अशी सूचना आम्ही आज लेखी देत आहोत. अध्यक्षमहाराजांनी ती पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.