गढुळलेले रंग

आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा पाणी भरलं आणि त्यात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० जाती नांदू लागल्या. कुणी शेवाळ खरवडणारा, कुणी गोगलगाय फोडणारा. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती बरीचशी रंगावरून.

१९५०च्या दशकात माणसानं तिथं नाईल पर्च हा खादाड मासा सोडला. १९८०च्या दशकात तो बेसुमार वाढला, कित्येक जाती दिसेनाशा झाल्या. शिवाय शेतातली माती, सांडपाणी येऊन पाणी गढुळलं. निळा कोण, तांबडा कोण, मादीला कळेना. काही जाती एकमेकींत विरून गेल्या. त्यांना कुणी खाल्लं नव्हतं. फक्त उजेड कमी झाला होता.

मी कवी माणूस. मला एवढंच कळतं, रंग टिकायचे तर पाणी नितळ हवं.