तोच प्रश्न पुन्हा

पवईच्या तलावाकाठी पक्षी पाहायला जाणाऱ्या हौशी मंडळींत, पावसाळा आला की एक प्रश्न हमखास निघतो. कोणीतरी नवखा दुर्बीण खाली करून विचारतो, "तो तांबड्या पाठीचा बगळा कोणता हो? नवा पाहुणा दिसतो!" आणि जुना जाणता कपाळाला हात लावतो. कारण हा बगळा नवा नव्हे आणि पाहुणाही नव्हे. तुमच्या विहिरीकाठी, भातखाचराच्या बांधावर अंग चोरून बसते ना, तीच ही ढोकरी. पुस्तकांत तिला वंचक म्हणतात. एरवी मातकट, रेघारेघांची. बसली तर दिसायची नाही, उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख. विणीचा हंगाम आला म्हणजे पाठीवर तपकिरी-लाल पिसांची शाल चढते आणि रोजचा पक्षी अनोळखी होऊन बसतो.

"अहो, हे गेल्याच वर्षी सांगितलं होतं!" सांगितलं होतं खरं, पण कोणाला? गेल्या वर्षी आलेल्यांना. मी महाविद्यालयात शिकवतो. दर जूनला वर्ग नवा येतो, प्रश्न मात्र जुनेच. पगार घेत असल्यामुळे मला कपाळाला हात लावण्याची सोय नाही, इतकंच!

जाणत्याचीही बाजू आहे. त्याला मिळते आठवड्यातली एक रविवारची सकाळ. तीही ढोकरीपायी गेली, तर त्याने स्वतःच्या हौसेचं पाहावं केव्हा? म्हणून तो म्हणतो, "पुस्तक चाळून या." सल्ला रास्तच आहे. पण पुस्तकातलं चित्र आणि समोरचं पाखरू यांची गाठ कोणीतरी शेजारी उभं राहून घालून द्यावी लागते. नाहीतर नवखा चार वेळा येतो, दोनदा बोलणी खातो आणि पाचव्या वेळी घरीच राहतो.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही मुंबईत 1883 साली निघालेली संस्था. तिथे 1908 च्या सुमारास एक शाळकरी पोर मेलेली चिमणी घेऊन गेलं. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ही कोणती, एवढंच त्याला विचारायचं होतं. संस्थेचे चिटणीस मिलार्डसाहेब यांना तो पक्षी चांगला ठाऊक होता. एका शब्दात नाव सांगून त्यांना पोराला वाटेला लावता आलं असतं. त्यांनी कपाटं उघडली, जपून ठेवलेले पक्षी एकेक करून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. ते पोर म्हणजे सालिम अली. पुढे 1941 साली त्यांनीच भारतीय पक्ष्यांवरचं ते प्रसिद्ध पुस्तक लिहिलं.

बरं, प्रश्न जुना म्हणून जुनं उत्तर पुरतं, असंही नाही. "गिधाडं कुठं दिसतात?" हे विचारल्यावर आपले आजोबा हसले असते. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळातून ती उतरायचीच. राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात 1980 नंतरच्या दशकात गिधाडं मोजलेली होती. झालेलं काम पुन्हा कशाला, असं न म्हणता 1990 नंतर त्याच जागी ती पुन्हा मोजली, तेव्हा मोठी घट उघडी पडली. कारण कळलं 2004 साली. जनावरांच्या दुखण्यावर तेव्हा देत असत ते डायक्लोफिनॅक नावाचं औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 साली सरकारने जनावरांसाठी ते बनवण्यावर बंदी घातली. आज आपल्या कोकणात हा प्रश्न कोणी केला, तर म्हसळ्याजवळच्या चिरगावासारखी मोजकी नावं सांगावी लागतात.

गुरुजनहो, तुमच्या गावालाही तळं असेल, निदान ओढा तरी असेलच. शाळेत एक वही त्यासाठीच ठेवा. यंदा ढोकरीच्या पाठीवर लाल पिसं कधी दिसली, कुठे दिसली, कोणी पाहिली, एवढंच मुलांना लिहू द्या. पुढच्या वर्षीची मुलं तेच विचारतील. त्यांना मागचं पान वाचून दाखवा, मग तळ्यावर न्या, आणि त्यांची तारीख खालच्या ओळीत त्यांच्याच हातानं लिहू द्या.