सासूबाईंच्या पायाची भूल
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी विषयावर मी बोलणे हा धीटपणाच. पण गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरावर गुदरलेला प्रसंग सांगावा असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

सासूबाई देवळात जाताना वाटेत दोनदा थांबत. पोटऱ्या भरून येतात म्हणत. जरा उभ्या राहिल्या की पुन्हा चालू लागत. वय झाले, असे आम्ही दोन वर्षे म्हणत राहिलो. आज ते सांगताना लाज वाटते. पुढे अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले आणि त्या रात्रभर पाय पलंगाखाली सोडून बसू लागल्या, तेव्हा इस्पितळ गाठले. मधुमेह आणि चाळीस वर्षांची मशेरी! गुडघ्याखालची रक्तवाहिनी बुजली होती. त्यांचीच दुसरी शीर जोडून रक्ताला नवी वाट करायची, नाहीतर पाय कापायचा.

हृदय अशक्त, म्हणून पुरी भूल धोक्याची. मी म्हटले, सिझेरियनला देतात तशी पाठीत द्या. तेही नको; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. मणक्यात रक्त साचले तर दोन्ही पाय लुळे पडण्याचे भय. गोळीचा असर जायला पाच-सात दिवस लागतात, आणि पाय तेवढा थांबणारा नव्हता.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाय काढून समजावले. आपण सगळ्यालाच नस म्हणतो. पण रक्तवाहिनी निराळी आणि दुखण्याची वर्दी मेंदूकडे नेणारा मज्जातंतू निराळा. त्या तंतूभोवती औषध सोडले की वर्दी वाटेतच अडते. एक सुई जांघेत, दुसरी गुडघ्यामागे थोडी वर. पूर्वी अंदाजाने टोचत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसते. क्वचित भूल अपुरी पडते, तंतूला इजाही होते, हेही त्यांनी लपवले नाही. आमचे हे फिरतीवर, म्हणून सही मी केली. अक्षर अजून वाकडे दिसते.

साडेतीन तास शस्त्रक्रिया चालली. सासूबाई जाग्या, रामरक्षा म्हणत होत्या. मध्येच त्यांनी नर्सला विचारले, "बाई, माझा पाय कुठे ठेवलात गं?"

पाय दुसऱ्या सकाळपर्यंत बधिर होता, त्यामुळे ती रात्र त्यांना झोप लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. वन्संनी मायेने गरम पाण्याची पिशवी आणली होती. नर्सने ती दारातच अडवली. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते. उभे राहायलाही मनाई.

एक बोट गेले, पाय राहिला. आता त्या देवळापर्यंत न थांबता जातात. मशेरीची डबी मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. रोज सकाळी मागतात, रोज माझ्यावर रागावतात.