तीन गोलांचा मोसम

हॉकी हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें ध्यानचंद उभे राहतात, आणि त्यांच्यामागें हिरवें मैदान. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें ती हॉकी निराळी. कॅनडांत आणि अमेरिकेंत बर्फावर खेळतात ती. पायांत पात्यांचे बूट, चेंडूच्या जागीं रबराची कठीण काळी चकती, आणि एका बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी. धांव इतकी वेगाची असते कीं, गडी मिनिटभरांत दमून बांकावर परततात आणि दुसरी तुकडी आंत उतरते. कोणास किती वेळ खेळवावयाचें हें प्रशिक्षक ठरवितो. श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कारण पुढची बरीचशी हकीकत त्या बांकाभोंवतींच फिरते.

१९९७ च्या जून महिन्यांत पिट्सबर्ग येथें तेथील व्यावसायिक संघांनीं तरुण खेळाडूंची वार्षिक निवड केली. या निवडीची रीत आपल्याला चमत्कारिक वाटेल. जो संघ आदल्या मोसमांत तळाशीं गेला, त्याला साधारणपणें आधीं वेंचण्याचा मान! बॉस्टनचा ब्रुइन्स संघ त्या वर्षीं सर्वांच्या खालीं होता. सलग २९ मोसम अखेरच्या चषक-फेऱ्या गांठणाऱ्या संघाची ही दशा. त्यानें पहिलें नांव पुकारलें तें जो थॉर्नटन याचें. मुलाला अठरावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. ऑन्टॅरिओ प्रांतांतील सेंट थॉमस या गांवीं वाढलेला, सहा फूट चार इंच उंचीचा, आघाडीच्या मध्यभागीं खेळणारा. कुमारांच्या स्पर्धेंत त्यानें शेवटच्या मोसमांत ५९ सामन्यांत ४१ गोल केले होते आणि ८१ गोलांना पास पुरविले होते. या खेळांत गोल करणारास एक गुण मिळतो, तसाच पास देणारासहि मिळतो. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले असते, तर मुलाचा पिंड तेव्हांच कळता. पण बॉस्टनला हवा होता तारणहार, आणि तारणहारानें गोल करावयाचे असतात.

सुरुवातच वाईट झाली. मोसमापूर्वींच्या एका सामन्यांत त्याचा हात मोडला. बरा होऊन आला, तों प्रशिक्षक पॅट बर्न्स यांनीं त्याला बांकावर बसविलें. बर्न्स हे पूर्वीं क्वेबेकमधील गॅटिनो येथें पोलिसांत होते आणि शिस्तीच्या बाबतींत त्यांचा तो बाणा पुढेंहि सुटला नाहीं. मुलाला खेळावयास मिळे तो वेळ थोडा, तोहि खालच्या तुकडींत. ८२ सामन्यांच्या त्या मोसमांत तो ५५ सामने खेळला. गोल केले तीन, पास दिले चार. मॅट्रिकला सबंध इलाख्यांत पहिला आलेला मुलगा कॉलेजच्या पहिल्या परीक्षेंत गडगडावा, आणि आळींतल्या प्रत्येकानें त्याच्या बापाला त्याचें कारण विचारावें, तसा कांहींसा हा प्रकार होता.

त्यांत जखमेवर मीठ म्हणजे त्याचाच सोबती सर्गेई सॅमसोनॉव्ह. हा रशियन मुलगा त्याच निवडींत, त्याच संघानें, आठव्या क्रमांकावर घेतलेला. त्यानें २२ गोल केले आणि वर्षांतल्या उत्तम नवोदिताचें पारितोषिक पटकावलें. मग तुलना कां होणार नाहीं? पण सॅमसोनॉव्ह वयानें आठ-नऊ महिन्यांनीं वडील होता आणि आदलें वर्ष तो अमेरिकेंतच प्रौढ खेळाडूंबरोबर खेळला होता. थॉर्नटनला ती मधली पायरीच मिळाली नाहीं. त्या वेळच्या करारानें कॅनडांतील कुमार खेळाडूला वीस वर्षांच्या आंत दुय्यम व्यावसायिक संघांत पाठवितां येत नसे. एक तर त्यानें वरच्या संघांत राहावें, नाहीं तर पुन्हां मुलांत जाऊन खेळावें.

त्याच मोसमांत तळचा बॉस्टन संघ वर चढला आणि बर्न्स यांना उत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला. तेव्हां त्यांना चूक म्हणण्याची सोय राहिली नाहीं. मलाहि त्यांचा तो निर्णय सर्वस्वीं चुकीचा वाटत नाहीं. अठरा वर्षांचें हाड तिशींतल्या गड्यांच्या धक्क्यांत रोज घालणें हें शहाणपण नव्हे. मात्र सांवलींत ठेवलेल्या रोपाकडे बोट दाखवून तें वाढत नाहीं असें म्हणणें, हा न्याय नव्हे. आणि बॉस्टनमध्यें तेंच चाललें होतें.

पुढचीं वर्षें आंकड्यांतच सांगतों. ४१ गुण, मग ६०, मग ७१. २००० च्या ऑक्टोबरांत बर्न्स गेले. त्या मोसमांत थॉर्नटननें ३७ गोल केले. २००२ मध्यें तो कप्तान झाला आणि त्या मोसमांत १०१ गुणांवर पोंचला. म्हणजे ज्याला लोक मंद म्हणत होते, तो बहुतेक दर वर्षीं एकेक पायरी चढतच होता. तरीहि २००४ च्या वसंतांत मॉन्ट्रिअलविरुद्धच्या सात सामन्यांत त्याला एकहि गुण मिळाला नाहीं, तेव्हां जुनी शंका पुन्हां डोकावली. त्याच्या बरगडीला दुखापत होती, पण अशा वेळीं बरगड्या कोण मोजतो?

३० नोव्हेंबर २००५ रोजीं बॉस्टननें त्याला तीन खेळाडूंच्या मोबदल्यांत कॅलिफोर्नियांतील सान होझेच्या शार्क्स संघास देऊन टाकलें. तो संघ ओळीनें दहा सामने हरलेला होता. तेथें थॉर्नटनच्या बाजूला जोनाथन चीचू नांवाचा एक साधा, कष्टाळू गडी खेळे. चीचूचा तोंवरचा उच्चांक २८ गोल होता. त्या मोसमांत त्यानें ५६ केले आणि सर्व संघांत पहिला आला. थॉर्नटनच्या नांवावर त्या मोसमांत २९ गोल लागले आणि पास लागले ९६. सर्वाधिक गुणांचें पारितोषिक आणि सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान, दोन्ही त्यालाच मिळाले. वर्षाच्या मध्यें संघ बदलूनहि हीं दोन्ही मिळविणारा तो पहिलाच. सेंट थॉमसच्या त्या मुलांत याहून निराळें कांहीं उगवलें होतें असें मला वाटत नाहीं. पास गोलांहून पुष्कळ अधिक. हें प्रमाण १९९७ सालींच नव्हतें काय?

सान होझेंतहि त्याला चषक मिळाला नाहीं. २०१६ मध्यें संघ अंतिम फेरींत पिट्सबर्गकडून हरला. उलट त्याला घालवून बसलेल्या बॉस्टननें २०११ मध्यें चषक जिंकला, हें येथें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सॅमसोनॉव्हचे सारे गुण मात्र थॉर्नटनच्या निम्म्यापर्यंतहि पोंचले नाहींत. थॉर्नटननें २०२३ मध्यें निवृत्ति जाहीर केली, तेव्हां त्याचे सामने १७१४ झाले होते, गोल ४३० आणि पास ११०९.

पिट्सबर्गच्या त्या निवडींत दुसरें नांव पुकारलें गेलें होतें पॅट्रिक मार्लोचें. त्याला सान होझेनेंच घेतलें होतें. पुढें दोघे तेथें एका संघांत कित्येक वर्षें खेळले. मार्लोचा १२ आंकड्याचा सदरा २०२३ मध्यें सान होझेच्या क्रीडागृहाच्या छताशीं चढविण्यांत आला. त्याच्या जोडीला २३ नोव्हेंबर २०२४ रोजीं थॉर्नटनचा १९ आंकड्याचा सदरा वर गेला.